समोरच्या भिंतीवरची अक्षरं

"मागच्या दाराने जाऊ," नवरा म्हणाला. सकाळपासून हे एकच वाक्य तो इतक्यांदा म्हणाला होता की धाकटीला वाटलं, याचा त्या मागच्या दारावर जीवबीव जडला की काय.

"का पण? गाडी पुढे, भाऊजी पुढे, आई आणि ताईसुद्धा पुढे. आपण काय चोरी करून निघालोय?"

"पुढे ऊन आहे."

"मग छत्री धर."

नवरा गप्प बसला. गप्प बसणं हा त्याचा जुनाच धंदा. या पेंटरांच्या घरात बोलायचं ते पेंटरबाबांनी, म्हणजे धाकटीच्या सासऱ्यांनी. दुकानाच्या बोर्डावर अक्षर काढायचं तेही त्यांनीच. मग धाकट्या मुलाने, म्हणजे हिच्या नवऱ्याने, त्या अक्षराच्या पोटात रंग भरायचा आणि मोठ्याने अक्षराला सावली द्यायची. आजोबांपासून हीच वाटणी. भांडणं झाली, चुली वेगळ्या करायची भाषा झाली, एकदा तर शिडी कुणाची यावरून घर दुभंगायची वेळ आली. पण बोर्डावर तिघांचे हात कधी वेगळे झाले नाहीत.

पण आज धाकटीला बोर्ड, शिड्या, चुली कशाकशाची पर्वा नव्हती. आज पैलवान घरी चालला होता!

पैलवान हे नाव नर्सबाईंनी ठेवलेलं. जन्मला तेव्हा तो ओंजळीत मावत होता आणि उरलेल्या ओंजळीत अजून काहीतरी ठेवता आलं असतं. वेळेच्या फार आधी आलेला, फुप्फुसं कच्ची. काचेच्या पेटीत नळ्यांच्या जंजाळात तो असा पडलेला असायचा की बघणाऱ्याला वाटावं, हा नळ्यांचाच एक भाग आहे. मध्येच तो श्वास घ्यायला विसरायचा. खरंच विसरायचा, आपण छत्री विसरतो तसा! मग नर्सबाई पेटीच्या भोकातून हात घालून त्याच्या तळपायाला हलकीशी टिचकी मारायच्या आणि म्हणायच्या, "पैलवान, श्वास. राहिला बघ तुझा." आणि तो घ्यायचा.

या नर्सबाई अंगाने उंच, खांद्यात जरा वाकलेल्या. घरच्यांनी त्यांचं नाव ठेवलं होतं 'लंबी'. धाकटीनेच ठेवलं होतं, खरं तर. आणि आता तीच लंबी तिच्यासमोर उभी राहून पैलवानाच्या टोपीची नाडी बांधत होती.

"रडला तर रडू दे थोडा. निळसर दिसला, दूध ओढेनासा झाला, तर मात्र विचार करत बसू नका. उचला आणि आणा. पुढच्या आठवड्यात वजनाला यायचं आहेच."

"हो सिस्टर."

धाकटीने रात्रभर मनात एक भाषण रचलं होतं. सुंदर भाषण! त्यात उपकार होते, आयुष्यभर होतं, तुम्ही नसता तर होतं. शाळेत वक्तृत्वाला उभं राहिल्यासारखी तिने ते दहादा घोकलं होतं. आणि ऐन वेळी तोंडातून काय निघालं? तर, "येते हं सिस्टर." किराणा दुकानातून निघाल्यासारखं!

नर्सबाई हसल्या. "या. आणि ऐक, मागच्या दाराने जा. तिकडे सावली असते."

आता दोन माणसं, एकमेकांशी न बोलता, एकाच दाराची शिफारस करतायत म्हटल्यावर कुणालाही शंका आली असती. पण धाकटीच्या डोक्यात आज शंकेला टेकायलासुद्धा जागा नव्हती. तिने पैलवानाला छातीशी घट्ट धरलं, मान ताठ केली आणि तरातरा पुढच्या फाटकाकडे निघाली. मागून नवरा "अगं, अगं" करत.

फाटकाबाहेर रस्ता. रस्त्यापलीकडे बंद पडलेल्या गोदामाची लांबलचक भिंत. आणि भिंतीवर, हातभर उंचीच्या अक्षरांत, लालभडक:

या दारात पाऊल टाकण्याआधी विचार करा.
आत दगडाच्या काळजाची उंच बाई बसली आहे.
आईलासुद्धा बाळाला हात लावू देत नाही.

धाकटीने आधी अर्थ वाचलाच नाही. तिने अक्षर वाचलं. चार वर्षं त्या घरात राहून ती बोर्ड असा ओळखायची, जशी आपण जिन्यावरची पावलं ओळखतो. 'ळ'ची ती भरदार गोलाई, 'द'च्या शेपटीचा झोकदार झटका, म्हणजे बाबा. कडेपर्यंत जाऊन एका केसाने थांबलेली भरणी, म्हणजे नवरा. उजवीकडे तिरकी पडलेली काळी सावली, म्हणजे भाऊजी. सगळं घर त्या भिंतीवर ओळीने उभं होतं. आणि कहर म्हणजे, खाली उजव्या कोपऱ्यात पेंटरबाबांची सही! तीच, प्रत्येक बोर्डावर असते ती, शेवटच्या अक्षरातून निघालेला ब्रशचा फराटा. बदनामी करायला गेले आणि सवयीने सही ठोकून आले.

मग तिने अर्थ वाचला.

गाडीपाशी उभे असलेले मोठे दीर एकाएकी गाडीचा आरसा पुसायला लागले. मोठी जाऊ पदराशी खेळायला लागली. सासूबाई फक्त खाली बघत होत्या.

"हे कधी?" धाकटीने विचारलं.

"घरी जाऊन बोलू," नवरा म्हणाला.

"कधी?"

"तो आजारी होता ना खूप, त्याच आठवड्यात. लागोपाठ तीन पहाटे."

म्हणजे ती आत, पेटीच्या काचेला नाक लावून बसली होती तेव्हा. बाळंतपणापासून ती या फाटकाबाहेर पडलीच नव्हती. म्हणजे त्या दिवसापासून प्रत्येक नर्स, प्रत्येक डॉक्टर, झाडूवाली मावशी, सगळे ही भिंत ओलांडून कामाला येत होते. आणि आत येऊन तिच्या मुलाच्या तळपायाला टिचक्या मारत होते. रस्त्याकडच्या खिडकीचा पडदा कायम ओढलेला का असतो, असं तिने एकदा विचारलं होतं. नर्सबाई म्हणाल्या होत्या, ऊन येतं. तिने ते कौतुकाने मानलंही होतं. किती जपतात म्हणून!

धाकटीचे कान इतके तापले की टोपीतल्या पैलवानाला शेक लागला असता. ती वळली आणि गाडीत न बसता परत फाटकाच्या आत गेली. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली एक बाक होता, त्यावर जाऊन बसली. मागोमाग सगळी वरात. सगळ्यांच्या शेवटी, दुकान बंद करून आलेले पेंटरबाबा. त्यांच्या नखांच्या कडांना रंग होता. कायमच असायचा.

"काय झालं? बाळाला उन्हात काय बसवलंय?" त्यांनी विचारलं.

"सावलीत बसलोय, बाबा. इथे सगळे मला सावलीतच ठेवतात."

पेंटरबाबांनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा फाटकाबाहेर. समजले.

"लिहिलं ते लिहिलं," ते म्हणाले. "मला काही त्याची लाज नाही. हातातलं काम टाकून धावत आलो होतो मी. नातू निळा की काळा ते बघायला. आणि त्या बाईने मला दारात अडवलं. म्हणते, हा वास घेऊन आत यायचं नाही. वास! या टर्पेंटाइनच्या वासावर तीन पिढ्या जगल्या. आजवर कुणी मला वासावरून दारात उभं केलेलं नाही."

"बाबा, त्याची फुप्फुसं कच्ची होती. आत अत्तरसुद्धा लावू देत नाहीत."

"मग नीट सांगायचं. हात पुढे करून ढकलायचं नाही, गुरासारखं."

"म्हणून असं लिहायचं? एका बाईबद्दल? तिच्या कामाच्या दारासमोर?"

"ए, झालं गेलं," मोठी जाऊ मध्ये पडली. दोघी जावांचं एरवी भांड्याला भांडं लागायचंच, त्यामुळे तिच्या गोड आवाजातही एक खडा असायचा. "चारचौघांत तमाशा कशाला? मूल घरी चाललंय, हसऱ्या तोंडाने चल. आणि आपण कुठे काय खोटं लिहिलंय? देत नव्हत्या ना त्या हात लावू तुला?"

"ताई, हात लावला की तो दमायचा. अंगावर कुणी नुसतं बोट ठेवलं तरी त्याचा श्वास घसरायचा. म्हणून देत नव्हत्या. ज्या दिवशी चाललं त्या दिवशी त्यांनीच माझा हात धरून आत नेला. एकच बोट ठेव म्हणाल्या, हलवू नकोस. त्याने ते बोट धरलं. आणि त्या माझ्याआधी रडल्या, ताई!"

"मग ते बोर्डावर लिही," भाऊजी पुटपुटले. विनोद म्हणून.

"माफी मागायची," धाकटी म्हणाली. "ज्याने लिहिलं त्याने."

पेंटरबाबा बाकासमोर आले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"सूनबाई, अक्षर माझं आहे. भरणी याची, सावली त्याची. पण शब्द कुणाचे आहेत, ते जरा आठवून बघ."



आठवलं. काचेच्या दारापाशी, पहिल्याच दिवसांत कधीतरी, टाके ओढत असताना, नवऱ्याच्या शर्टाला धरून ती ओरडली होती. दगडाच्या काळजाची आहे ती लंबी, आईलासुद्धा बाळाला हात लावू देत नाही! शब्द न् शब्द. नवऱ्याने ते घरी नेलं, जसं बाहेर पडलेलं सगळंच तो घरी न्यायचा, आणि बाबांच्या हातात आधीच ब्रश होता. म्हणजे भिंतीवर फक्त तिघेच उभे नव्हते. मजकूर हिचा होता.

इतका वेळ ती न्यायाधीश होऊन बसली होती बाकावर, आणि एका वाक्यात पिंजऱ्यात!

"मी रागात बोलले होते," ती कशीबशी म्हणाली.

"आम्हीही रागातच रंगवलं."

"बोललेलं वाऱ्यावर जातं, बाबा."

"आमचं जात नाही," भाऊजी सवयीने म्हणाले. "दवाखान्याने दोनदा चुना मारला त्यावर. दोन्ही वेळा अक्षर वर आलं. आपला ऑइलपेंट आहे, तीन हात दिलेत, चुन्याने जातोय होय!" बोलता बोलता छाती जराशी फुगली, आणि मग सगळे आपल्याकडे बघतायत हे कळल्यावर ती हवा हळूच सोडून दिली.

तेव्हा सासूबाई बोलल्या. पहिल्यांदाच.

"मी का आले नाही दवाखान्यात, विचारलं नाहीस तू कधी."

धाकटीने विचारलं नव्हतं. तिने ठरवून टाकलं होतं. पहिले दोन-तीन दिवस सासूबाई आल्या आणि मग एकदम बंद झाल्या, तेव्हा तिने मनात एक कप्पाच उघडला होता, 'सासू ती सासूच' नावाचा, आणि त्यात रोज काहीतरी टाकत होती.

"दोनदा आले फाटकापर्यंत," सासूबाई म्हणाल्या. "भिंत वाचली की पाय उचलायचा नाही. आत जाऊन त्या बाईला काय तोंड दाखवू? ही सही म्हणजे यांची एकट्याची आहे होय?" त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही सही केलीत, म्हणजे मी केली, या दोघींनी केली, ह्या टोपीवाल्याने केली. सगळ्या गावाला ठाऊक आहे हा फराटा कुणाचा. आणि ती बाई तरी काय, वाचता येत नव्हतं म्हणून गप्प बसली?"



मोठी जाऊ आतापर्यंत सासऱ्यांच्या बाजूला उभी होती. ती दोन पावलं सरकली आणि बाकावर, धाकटीच्या शेजारी, टेकली. एवढंच. पण त्या घरात कोण कुठे बसतं यावरून लढाया झाल्या होत्या. भाऊजींनी आरशाचं फडकं खिशात ठेवलं.

"आई म्हणतात ते बरोबर आहे," जाऊ म्हणाली. "मला काय, मी मगाशी उगाच बोलले."

"मी घरी येते," धाकटी म्हणाली. "याला घेऊन येते, आत्ता. पण पुढच्या आठवड्यात याला वजनाला आणायचा आहे आणि त्याच बाईंच्या हातात द्यायचा आहे. ती भिंत तशीच असली तर माझ्याच्याने त्यांच्याकडे मान वर करून बघवणार नाही. आणि मी मागच्या दाराने येणार नाही. सांगून ठेवते."

पेंटरबाबा फाटकापर्यंत गेले. कमरेवर हात ठेवून, एक डोळा बारीक करून, गिऱ्हाईक बोर्ड बघतं तसे भिंतीकडे बघत राहिले. 

"अक्षर काय आलंय," ते हळूच म्हणाले. "इतक्या वर्षांत असं आलं नव्हतं."

मग त्यांनी कमरेवरचे हात खाली सोडले.

"उद्या थिनर आण," ते मुलाला म्हणाले.

"थिनर नको," धाकटी म्हणाली. "त्याचा वास सुटतो. समोर वर दवाखान्याची खिडकी आहे. आत अजून पाच पेट्या आहेत."

बाबांनी खिडकीकडे पाहिलं. मान हलवली. "मग हाताने."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी, पैलवानाचं पोट भरून त्याला सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि मधल्या वेळात धाकटी भिंतीपाशी आली. घर दोन गल्ल्या सोडून होतं, पण तिला ती वाट फार लांब वाटली.

तिघेही पुरुष शिड्यांवर होते. हातात खरवडायच्या लोखंडी पत्त्या, तोंडाला फडकी, भुवयांवर चुना. खाली मोठी जाऊ पडलेला कचरा झाडत होती. येणारे-जाणारे थांबत, मान वर करत. एका रिक्षावाल्याने ओरडून विचारलं, "काय हो पेंटर, पुसताय? तुमचंच होतं ना?" बाबा वळले नाहीत. खर्र, खर्र, खर्र.

"सकाळी घोळच झाला," जाऊने सांगितलं. "पहिल्या ओळीची नुसती अक्षरंच खरवडली आधी. रंग गेला, पण गिलावाही गेला त्याच्याबरोबर. आणि मग काय, अक्षर कोरल्यासारखं! आधी लाल होतं, आता खोदलेलं. आधीपेक्षा लांबून वाचता यायला लागलं."

"मग?"

"मग बाबा खाली बसले. पाणी प्यायले. आणि म्हणाले, सगळी भिंत काढायची. अक्षर आणि मोकळी जागा, दोन्ही सारखंच खरवडायचं, तरच पुसेल. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

वरच्या दोन ओळी गेल्या होत्या. तिथे नुसता खडबडीत राखाडी पट्टा उरला होता, खरूज झालेल्या जनावराच्या पाठीसारखा. तिसरी ओळ, सगळ्यात खालची, छातीएवढ्या उंचीची, तेवढी होती. धाकटीने जावेच्या पिशवीतून एक पत्ती काढली.

"अगं, तू कशाला! अंगात ताकद तरी आहे का?" नवरा वरून म्हणाला.

"बोलायला होती ना? मग याला पण पुरेल."

ती पत्ती टेकवणार तोच फाटक वाजलं. ड्यूटी संपवून नर्सबाई बाहेर पडत होत्या. साध्या कपड्यांत. धाकटीने त्यांना कधी साध्या कपड्यांत पाहिलंच नव्हतं. लंबी काही तितकी लंबी नव्हती. पांढऱ्या गणवेशात आणि भीतीत माणूस उंच दिसत असेल.

त्या रस्ता ओलांडून आल्या. भिंतीवर एक नजर टाकली, शिड्यांवर एक.

"पैलवान काय म्हणतोय? दूध ओढतो?"

"ओढतो. सिस्टर..." आणि पुन्हा ते सगळं भाषण बाजूलाच राहिलं. "ते दगडाचं, ते मी म्हटलं होतं. यांनी लिहिलं, पण म्हटलं मी."

"माहीत आहे. दाराला काच होती, भिंत नव्हती. ऐकू येतं पलीकडे."

"तेव्हापासून माहीत होतं?"

"बहुतेक सगळ्या आया काहीतरी म्हणतातच. कुणी कसाई म्हणते, कुणी जेलर. तुझं जरा ठळक अक्षरात आलं, इतकंच."

धाकटीला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही. दोन्ही गिळून ती म्हणाली, "राग नाही आला तुम्हाला?"

"आला की. मी काय लाकडाची आहे? आत जाताना चपला बाहेर काढायचे, राग पण तिथेच ठेवायचे. परत निघताना दोन्ही घालून घरी." त्यांनी फाटकाकडे पाहिलं. "मला त्याचं एवढं नाही. माझी मुलगी शाळा सुटली की इकडे यायची, मग आम्ही बरोबर घरी जायचो. तिने एक दिवस भिंत वाचली. म्हणाली, आई, उंच बाई म्हणजे तू ना? मी म्हटलं, हो. तेव्हापासून ती मागच्या दाराने यायला लागली. मैत्रिणी बरोबर असतात ना तिच्या. तेवढं मात्र लागलं."

वरची खर्र खर्र थांबली होती. पेंटरबाबा एक एक पायरी करत खाली उतरले. तोंडावरचं फडकं काढलं, ते कुठे ठेवावं कळेना म्हणून परत बांधलं, परत काढलं. आयुष्यभर शहराला शब्द विकलेला माणूस!

"बाई," ते म्हणाले. "त्या दिवशी तुम्ही मला... तो वास..."

"बाबा, त्या दिवशी मीही जरा गोड बोलू शकले असते," नर्सबाई म्हणाल्या. "पण वेळ नव्हता. तो निळा पडत होता."

पेंटरबाबांनी किती निळे कालवले असतील जन्मभर. आभाळी, मोरपंखी, शाईचा, दुकानाच्या पाट्यांचा गडद. हा निळा त्यांना कुणी सांगितला नव्हता. ते हाताच्या पंजाकडे बघत राहिले. मग भिंतीकडे तोंड करून, जणू तिलाच सांगतायत असं, म्हणाले, "चुकलं."

नर्सबाईंनी 'असू द्या' म्हटलं नाही. धाकटीने वाट पाहिली, पण म्हटलं नाही. त्यांनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"वजनाला आणा त्याला, ठरल्या दिवशी. तो माझा पेशंट आहे. तुमचं तुम्ही बघा." आणि त्या निघाल्या, मागच्या दाराच्या गल्लीकडे, मुलीला घ्यायला.

बाबा पुन्हा शिडीवर चढले.  धाकटीने तिसऱ्या ओळीच्या पहिल्या अक्षरावर पत्ती ठेवली आणि दाबली. रंग सुटता सुटेना. तीन हात दिले होते, प्रत्येक हात वाळू देऊन, मन लावून. घराण्याचं काम! तिचा तळवा सोलवटला आणि 'आई'मधला 'आ' कसाबसा अर्धा निघाला.

"अहो ताई."

मागे एक माणूस उभा होता. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, हातात औषधांची पिशवी, आणि चेहऱ्यावर ते, जे धाकटीने आरशात पाहिलं होतं. फाटकातून धावत आला असावा. धाप लागली होती.

"हे खरं आहे का?" त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. "आमची मुलगी आत्ताच आत नेलीय. बायकोला बघूसुद्धा दिली नाही नीट. इथे ठेवावी की दुसरीकडे न्यावी? तुम्ही इथल्याच ना? खरं सांगा."

 नवरा बघत होता, भाऊजी बघत होते. बाबांची पत्ती हवेतच थांबली होती. भिंतीवर आता फक्त तेवढीच ओळ होती, अर्ध्या 'आ'पासून पुढे धडधडीत वाचता येणारी: आईलासुद्धा बाळाला हात लावू देत नाही.

धाकटीच्या दातांत चुना होता. तिने तो थुंकला, पदराने तोंड पुसलं.

"खरं आहे," ती म्हणाली. "नाही देत. तुम्ही ओरडाल, रडाल, काय वाट्टेल ते बोलाल, तरी नाही देणार. मी बोलले. हे मीच बोललेलं आहे." तिने पत्तीने ओळीवर टकटक केलं. "म्हणून माझा आज घरी झोपलाय. जा, तिला तिथेच ठेवा. आणि बायकोला म्हणावं, राग आला तर बाहेर येऊन माझ्यावर काढ. मी इथेच आहे, ही भिंत संपेपर्यंत."

माणसाने औषधांची पिशवी छातीशी धरली. मग वळला आणि पुढच्या फाटकातून आत पळाला.

धाकटीने पत्ती उचलली आणि 'आ'चा उरलेला अर्धा भाग खरवडायला घेतला. मागे शिडी करकरली. पेंटरबाबा उतरून तिच्या शेजारी आले होते. त्यांनी ओळीच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या सहीपाशी, गुडघे टेकले आणि तिथून सुरुवात केली.